खाटेपासून फलकापर्यंत

वडोदऱ्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या या वॉर्डात रोज सकाळी ठरलेल्या वेळी प्रभारी सिस्टर प्रत्येक खाटेपाशी थांबतात आणि किती रुग्णांना मूत्रनळी लावलेली आहे, हे मोजून तक्त्यात लिहितात. एक रुग्ण ५ दिवस नळीवर राहिला तर ५ नळी-दिवस धरले जातात. महिन्यातील नळीमुळे झालेल्या संसर्गांच्या संख्येला एकूण नळी-दिवसांनी भागून १,००० ने गुणले की दर निघतो. म्हणजे ५०० नळी-दिवसांत १ संसर्ग झाला, तर दर २. संसर्ग किती झाले हे प्रयोगशाळेच्या अहवालांवरून मागाहूनही शोधता येते, परंतु छेदाचा आकडा मात्र त्या त्या सकाळी खाटेपाशी उभे राहूनच मिळतो, आणि तो अंदाजाने भरला गेला तर पुढच्या कोणत्याही दरावर विसंबता येत नाही.

दांडिया बाजारातून काल रात्री दाखल झालेल्या काकूंपाशी सिस्टर आता आल्या आहेत. ‘काकू, जरा या कुशीवर वळा, पाठ बघून घेते,’ असे म्हणून त्या टाचा आणि माकडहाडाची जागा बोटाने दाबून पाहतात. दाबल्यावरही फिकी न पडणारी लाली त्यांना दिसते आणि ती तारीख-वेळेसह केसपेपरवर नोंदवली जाते. शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारा व्रण, घरूनच आला की रुग्णालयात झाला, याचा निवाडा पुढे याच नोंदीवरून होतो.

कोपऱ्यात कागद घेऊन उभी असलेली परिचारिका दुसऱ्या विभागातील आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हात स्वच्छ करण्याचे ५ क्षण सांगितले आहेत. त्यांपैकी किती पाळले गेले, याच्या खुणा ती करते. पाहणी चालू आहे हे कळले की सगळेच हात धुऊ लागतात, म्हणून तिच्या येण्याची वेळ आधी सांगितली जात नाही. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वीचा क्षण डॉक्टरांकडूनही चुकतो, आणि तीही खूण ती करते. कनिष्ठाने वरिष्ठाची चूक निर्धास्तपणे लिहावी, ही मोकळीक ज्या रुग्णालयात आहे, तेथील आकड्यांवर आमचा अधिक विश्वास बसतो.

सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात आकडेवारी ठेवावी, असा आग्रह फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्येच लंडनच्या सांख्यिकी परिषदेपुढे मांडला होता. न्यूयॉर्क राज्याने १९८९ पासून हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियांची माहिती गोळा केली, रुग्ण मुळात किती गंभीर होते हे हिशेबात धरून मृत्युदर काढले आणि ते रुग्णालयांच्या नावानिशी जाहीर केले. पुढील काही वर्षांत तेथील मृत्युदर घटले. अतिगंभीर रुग्ण टाळले जातील, ही शंकाही तेव्हाच उपस्थित झाली.

आपल्याकडे एनएबीएच या राष्ट्रीय मंडळाचे मानांकन घेतलेल्या रुग्णालयांना असे निर्देशांक नियमितपणे मोजावे लागतात, आणि सरकारी रुग्णालयांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मेरा अस्पताल’ या योजनेत रुग्णांचा अभिप्रायही विचारला जातो. मात्र समाधान ही एक गोष्ट आहे आणि संसर्गाचा दर ही दुसरी. गोड बोलणाऱ्या वॉर्डातही जंतू पसरतात.

बैठकीच्या खोलीत भिंतीवर दिसणारा हा आलेख गेल्या काही महिन्यांतील संसर्गदराचा आहे. बाहेर प्रवेशद्वारातील फलकावर डॉक्टरांच्या वेळा आहेत, खोल्यांचे दर आहेत, देणगीदारांची नावे आहेत. हा आलेख तेथे नाही. ज्या वडोदरा संस्थानाने आपल्या कारभाराचे वार्षिक अहवाल छापून प्रसिद्ध केले, त्याच शहरात रुग्णाला हे आकडे मागावे लागतात. मूत्रनळीच्या संसर्गाचा दर दरमहा, नळी-दिवसांच्या संख्येसह, याच फलकावर लावावा, असा प्रस्ताव सिस्टरांनी गुणवत्ता समितीपुढे ठेवला आहे. त्यावर पुढील बैठकीत निर्णय होईल.