एकाच धाग्याचं कापड

बेळगावातलं वडगाव. गल्लीत शिरलं की यंत्रमागांची खटखट कानावर येते. धोटा इकडून तिकडे जातो, परत येतो. कांडीवरचा धागा आडवा पडत पडत साडी लांबत जाते. कापड लांब-रुंद दिसतं खरं, पण आडवा धागा उलगडत गेलात तर हाती लागते ती एक भली लांब ओळ.

कॉम्प्युटरची मेमरीही अशीच. हजार बाय हजारचा अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांचा तक्ता, आपण वहीत चौकोनी काढतो. मेमरीत मात्र एकापुढे एक घरं, बस्स. सी भाषा त्यात आडव्या ओळी भरते, १९५७ची फोरट्रान उभे रकाने. सी-मध्ये आडवं वाचलं तर ६४ बाइटच्या कॅश लाइनमधून, म्हणजे मेमरीतून एका दमात उचलल्या जाणाऱ्या पट्टीतून, आठ-आठ बाइटचे आठ आकडे एकदम येतात. उभं वाचलं तर दर पावलाला ८,००० बाइटची उडी. म्हणून कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणारा, उत्तर बदलत नसेल तर, आतला लूप (पुन्हापुन्हा चालणारी फेरी) बाहेर काढतो आणि बाहेरचा आत घेतो.

खरी गंमत पुढे आहे. समजा प्रोसेसर आठ, मेमरीचे कप्पे आठ, अ‍ॅरे आठ बाय आठ. लागोपाठची घरं लागोपाठच्या कप्प्यांत जातात, आठव्यानंतर पुन्हा पहिला. एक कप्पा एका वेळी एकालाच आकडा देतो. आडवी ओळ मागा, आठही जणांना लगेच मिळेल. उभा रकाना मागितला, तर सगळे आकडे एकाच कप्प्यात! सात कप्पे मोकळे आणि एकापाशी आठांची रांग.

ट्विल कसं विणतात आठवा. उचलायचा उभा धागा दर फेरीला एकाने सरकतो, म्हणून कापडावर तिरक्या रेघा उमटतात. इथेही तेच. ओळ आठऐवजी नऊ घरांची धरायची, नववं रिकामं. दुसरी ओळ आपोआप एक कप्पा सरकते, तिसरी दोन. आता रकानाही एकदम मिळतो. कागदावर मांडून बघाच, कारण तिथेच कळतं की उजव्या वरच्या कोपऱ्यातून डाव्या खालच्या कोपऱ्यात येणारा कर्ण मात्र पुरता एका कप्प्यात अडकतो.

बरोज कंपनीच्या सायंटिफिक प्रोसेसरमध्ये म्हणूनच सोळा प्रोसेसरांना सतरा कप्पे दिले होते. सतरा ही मूळ संख्या. उडी सतराच्या पटीत नसली की सोळाही आकडे वेगवेगळ्या कप्प्यांत सापडतात.

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ याच शहरात आहे. मागाच्या आवाजात वाढलेली इथली मुलं-मुली आज जीपीयूचे, म्हणजे एकाच वेळी ढीगभर हिशेब करणाऱ्या ग्राफिक्स चिपचे, प्रोग्रॅम लिहितात. तिथे कप्पे ३२ असतात, आणि अ‍ॅरेचा तुकडा लिहिला जातो ३२ बाय ३३चा. ते तेहतिसावं घर रिकामं का, हे त्यांना धोट्याकडे बोट दाखवून सांगता येतं.