रंग विसरा, छप्पर बघा: व्हिक्टोरियन घरं ओळखायची कशी?

नमस्कार मंडळी! सॅन फ्रान्सिस्कोला गेलेलं कुणीही अलामो स्क्वेअरला फोटो काढल्याशिवाय परत येत नाही. मागे ओळीनं उभी असलेली रंगीत लाकडी घरं, ‘पेंटेड लेडीज’. तुमच्या फॅमिली ग्रुपवरही एखाद्या भाच्यानं तो टाकला असणार, खाली ‘टिपिकल व्हिक्टोरियन’ असं लिहून.

पण टिपिकल असं काही नाहीच. राणी व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१ गादीवर होती आणि तेवढ्या काळात एकट्या अमेरिकेत घरांच्या चार-पाच तऱ्हा येऊन गेल्या. त्या रंगांवरून तर मुळीच ओळखू नका. ही घरं १८९० च्या दशकातली, पण त्यांना असं रंगीबेरंगी रंगवायची लाट आली १९६० च्या दशकात. नक्षीसुद्धा कुणी काढतं, कुणी नवी ठोकतं. अख्खं छप्पर बदलायला मात्र सहसा कुणी धजावत नाही. म्हणून मान वर करायची आणि आधी तेच बघायचं.

छप्पर दुपाखी, आढं खूप उंच आणि पाखं एकदम उतरती दिसली, तर गॉथिक रिव्हायव्हल. पाख्यांच्या कडेला लाकडी झालर असते. यंत्रावर चालणारी करवत आली आणि ही झालर स्वस्त झाली. खिडक्यांच्या टोकदार कमानी बघून सीएसएमटी आठवलं, तर बरोबरच आहे. कूळ एकच.

याच्या उलट छप्पर बसकं, जवळपास सपाट असेल आणि वळचण भिंतीच्या बरीच बाहेर आली असेल, तर इटालियनेट. वळचणीखाली ब्रॅकेटची, म्हणजे तिला टेकू दिल्यासारख्या दिसणाऱ्या नक्षीदार तुकड्यांची रांग आणि खिडक्या उंच, अरुंद. ब्रॅकेट दिसले की काम झालं.

आता माझं लाडकं छप्पर, मॅन्सार्ड. सेकंड एम्पायर शैलीची हीच खूण. प्रत्येक पाख दोन टप्प्यांत मोडलेली: खालचा टप्पा जवळजवळ उभा, वरचा इतका सपाट की रस्त्यावरून दिसतही नाही. उभ्या भागात खिडक्या काढल्या की पोटमाळ्याचा चक्क एक मजला होतो. फ्रेंच वास्तुकार फ्रांस्वा मान्सार यानं सतराव्या शतकात हे छप्पर लोकप्रिय केलं, म्हणून त्याचं नाव चिकटलं. शोध त्याचा नव्हे. पॅरिसमध्ये इमारतीची उंची भिंत संपते तिथपर्यंतच मोजायचे, त्यामुळे छपरातला मजला हिशेबात येत नसे. एफएसआयच्या पळवाटा शोधणाऱ्या आपल्या बिल्डरांना हे वेगळं सांगायला नको! फ्रान्समध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, म्हणजेच ‘सेकंड एम्पायर’मध्ये, या छपराची फॅशन जोरात आली आणि यादवी युद्धानंतर अमेरिकेतही पसरली. वॉशिंग्टनला व्हाइट हाऊसशेजारची आयझेनहॉवर बिल्डिंग बघा, १८७१ ते १८८८ मधली.

आणि शेवटची शैली, क्वीन ॲन. ब्रिटनची राणी ॲन वारली १७१४ मध्ये, तिचा या घरांशी फारसा संबंध नाही. इथे छपराला सरळ राहायचंच नसतं. मधे उंच चौपाखी, तिला वेगवेगळ्या दिशांनी फुटलेले गेबल (दुपाखी छपराच्या टोकाचे भिंतीचे त्रिकोण), एका कोपऱ्यावर शंकूच्या टोपीचा बुरूज. भिंतींवर खवल्यांच्या आकाराच्या लाकडी फळ्या. हा हट्ट परवडला कसा? जाड खांब-तुळयांऐवजी पातळ फळ्या खिळ्यांनी जोडून सांगाडा उभा राहू लागला होता, त्यामुळे कोपरे हवे तसे बाहेर काढता येत. शिवाय कारखान्यात कातलेले खांब आणि नक्षी रेल्वेनं दारात येई. पेंटेड लेडीज याच घराण्यातल्या, पण प्लॉट अरुंद, म्हणून रस्त्याकडे तोंड केलेल्या एकेका उभट गेबलवर भागलं. पैसा आणि जागा दोन्ही असल्यावर काय होतं, ते बघायला कॅलिफोर्नियातल्याच युरेका गावचं कार्सन मॅन्शन शोधा. मालक लाकडाचा व्यापारी, त्यामुळे घरावर लाकूडकाम इतकं की मला तरी ते जास्तच वाटतं.

एक सावधगिरी. सॅन फ्रान्सिस्कोतल्या बऱ्याच इटालियनेट घरांची दर्शनी भिंत छपराच्याही वर नेलेली असते. समोरून सपाट दिसतं आणि मागे लपलेलं असतं साधं दुपाखी छप्पर. त्यामुळे शंका आली तर गूगल मॅप्सवर सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि घर वरून बघा.