लोहगड: उन्हाच्या आधी विंचूकाटा

(दृश्य: मळवली स्थानक, कोवळं ऊन. दक्षिणेला विसापूर आणि लोहगड.)

पुण्याहून सकाळची पहिली लोकल धरली, तर सव्वा तासाच्या आसपास मळवली येतं. मुंबईकडच्यांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल घ्यावी. पुढचंच स्थानक मळवली.

दसरा ते त्रिपुरी पौर्णिमा हा मळवली ते लोहगड या वाटेचा सर्वांत सुंदर काळ. पावसाळ्यातलं धुकं सरलेलं असतं, पवनेचं धरण भरलेलं असतं आणि उतारांवर सोनकीची पिवळी फुलं अजून टिकून असतात. मात्र ऑक्टोबरचं ऊन दहानंतर चटके देऊ लागतं, आणि परतीचा पाऊस बहुतेकदा दुपारनंतर गडगडाटासह येतो. विंचूकाटा म्हणजे लोहगडाची पश्चिमेकडे गेलेली उघडी सोंड; तिथे विजेपासून लपायला जागा नसते. म्हणून सगळं गणित एका वेळेभोवती बांधायचं: अकराला विंचूकाटा सोडायचा. अर्धा भाग पाहायचा राहिला असला, तरीही.

(दृश्य: पाठपिशवीत सामान भरणारे हात.)

एकट्याने जाताना पाणी अडीच ते तीन लिटर, दोन बाटल्यांत विभागून. एक हातून निसटली तरी दुसरी राहते. सुकामेवा, गूळ-शेंगदाणे, टोपी, शिटी, क्रेप बँडेज, पूर्ण चार्ज झालेली पॉवर बँक. पायात खाचदार तळव्याचे बूट आणि अंगात पूर्ण लांबीची पँट, कारण गवत वाळू लागलं की कुसळं मोज्यांत घुसतात आणि चालणं नकोसं करतात. घरच्या एका माणसाला वाट आणि उतरण्याची वेळ लिहून पाठवावी. गडाच्या आडोशाला रेंज जाते, त्यामुळे हा संदेश मळवलीतूनच गेलेला बरा. आणीबाणीचा क्रमांक 112.

(दृश्य: भाजे गाव, वर चढणारी वाट.)

स्थानकातून बाहेर पडून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की पुढे भाजे गाव. इथली लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातली. त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवावा, घाईत उरकण्याची ती जागा नव्हे. गावापासून गायमुख खिंडीपर्यंत तासाभराची चढण. खिंडीत डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. उजवीकडे वळून लोहगडवाडी आणि तिथून पायऱ्या.

गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, असे चार दरवाजे नागमोडी वाटेवर एकामागून एक येतात. पायऱ्यांच्या कडेला, जिथे सावली टिकते तिथे, शेवाळ पूर्ण सुकलेलं नसतं. पाऊल पायरीच्या मध्यावर टाकावं. माकडांची इथे कायमची वस्ती आहे. खाण्याची पिशवी हातात दिसली की ती ओढलीच जाते, म्हणून सगळं पाठपिशवीत, चेन लावून.

(दृश्य: माथ्यावरून पश्चिमेकडे पसरलेली सोंड.)

महादरवाज्यातून माथ्यावर आलं की पश्चिमेकडे चालत राहायचं. वाटेत नाना फडणवीसांनी बांधलेलं सोळा कोनांचं मोठं तळं लागतं. पुढे जमीन एकदम चिंचोळी होते. हाच विंचूकाटा: सुमारे 1500 मीटर लांब, 30 मीटर रुंद. गडावरून पाहिलं की विंचवाची नांगी उगारल्यासारखी दिसते, नाव त्यावरूनच.

या कड्यांची घडण समजून घेतली तर पाऊल आपोआप जपून पडतं. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला. टणक बसाल्टचा एक थर, त्याखाली सच्छिद्र, ठिसूळ थर. पाऊस ठिसूळ थर पोखरतो, टणक थर बाहेर डोकावत राहतो. म्हणजे ज्या सपाट खडकावर उभं राहून फोटो काढावासा वाटतो, त्याच्या पोटाखाली काहीही नसण्याची शक्यता असते. वरून ते कळत नाही. कड्यापासून किमान दोन मीटर आत राहावं; काठावरच्या उंच गवतात तर पाऊल घालूच नये, जमीन कुठे संपते ते गवत झाकून टाकतं.

(दृश्य: सोंडेवर उतरण्याचा खडकाळ टप्पा.)

सोंडेवर जायला एक छोटा खडकाळ टप्पा उतरावा लागतो. चुका होतात त्या इथेच. खडकाकडे तोंड करावं, दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले ठेवावेत, चौथा हलवावा. मोबाइल खिशात, काठी पाठपिशवीला बांधलेली. खडक ओला असेल आणि मदतीला कोणी नसेल, तर टप्पा उतरू नये. वरूनही सोंड पूर्ण दिसते.

खाली पोहोचल्यावर डाव्या हाताला पवनेचं निळं पाणी, पलीकडे तुंग आणि तिकोना हे किल्ले. उजवीकडे इंद्रायणीचं खोरं, त्यात पिवळी पडू लागलेली भातखाचरं. इथे बसावं. वीस मिनिटं, अर्धा तास. कड्यांना आग्या मोहोळं लागतात, त्यामुळे अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच, तर हात न झटकता चेहरा झाकून वाटेवरूनच लांब निघावं. घाबरून कड्याकडे धावणं डंखापेक्षा घातक.

(दृश्य: उतरणीच्या पायऱ्या, दुपारचं ऊन.)

उतरताना घोट्याची दुखापत जास्त होते, कारण पाय थकलेले असतात आणि वाट ओळखीची वाटते. खिंडीखाली मुरमाच्या घसाऱ्यावर पावलं आखूड ठेवावीत, गुडघे किंचित वाकवलेले. अकराला सोंड सोडली की एकच्या सुमारास मळवली. दुपारी लोकल विरळ असतात; परतीची वेळ सकाळीच फलाटावर पाहून ठेवावी आणि शेवटचा अर्धा लिटर त्या थांबण्यासाठी राखावा.