तानपुरा बोलत नाही? आधी दोरा बघा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली पुन्हा पुन्हा एकच प्रश्न येतोय: "चारही तारा सुरात लावल्या, अ‍ॅपवर हिरवा दिवा लागतोय, तरी तानपुरा बोलत का नाही?" आज फक्त त्यावरच बोलू.

मूळ गोष्टी भरभर सांगते, बहुतेकांना ठाऊकच आहेत. खाली भोपळा, त्यावर तबली, वर दांडी आणि खुंट्या. चार तारा: पहिली पंचमाची, मग षड्जाचा जोड आणि शेवटी खर्ज, म्हणजे खालचा षड्ज. जोड पोलादी, खर्ज पितळी. मालकंसाला पहिली तार मध्यमात लावतात, मारव्याला निषादात. मधल्या बोटानं पहिली तार, पुढच्या तिन्ही तर्जनीनं. नख लावायचं नाही, बोटाच्या कडेचा मांसल भाग लावायचा. झालं.

"ताई, तानपुरा वेदकाळातला ना?" असंही एकानं विचारलंय. ज्याच्याशी या वाद्याचं नाव जोडतात त्या तुंबरू गंधर्वाची कथा मलाही आवडते. पण भरताच्या नाट्यशास्त्रात किंवा शार्ङ्गदेवाच्या 13व्या शतकातल्या संगीतरत्नाकरात आजच्या या वाद्याचं वर्णन नाही. मुघल काळातल्या चित्रांमध्ये मात्र गवयाशेजारी ते दिसायला लागतं. आणि आपल्या घरात जो तानपुरा असतो तो बहुधा मिरजेचा. पूर्वी शस्त्रं बनवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी 19व्या शतकात तिथे हे काम हातात घेतलं. फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव त्यात पहिलं येतं. भोपळे पंढरपूरच्या बाजूचे, लाकूड तुणीचं. पुढे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला येऊन राहिले, त्यामुळे करणारे हात आणि ऐकणारे कान एकाच गावात आले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला फार आनंद झाला.

आता मुद्दा. [क्लोज-अप: घोडी]

ही घोडी बघा, तबलीवरची, तारा हिच्यावरून जातात. सपाट वाटते, पण बोट फिरवलं की किंचित उतार लागतो. तार या उतारावर टेकते. तार आणि घोडी यांच्यामध्ये हा बारीक दोरा आहे, दिसतोय? सारा खेळ याचा आहे. दोरा काढून तार छेडते, ऐका. टण्ण. कोरडा आवाज, लगेच विझला. आता दोरा आत घेऊन केसभर, अगदी केसभर पुढे सरकवते. अजून थोडा. हां! आवाज उघडला. सूर तोच आहे, खुंटीला मी हातसुद्धा लावलेला नाही.

म्हणजे सूर लागणं वेगळं आणि जवारी, म्हणजे हा उघडा, गुंजणारा आवाज, लागणं वेगळं. अ‍ॅप तुम्हाला फक्त पहिलं सांगतं. हे मी प्रत्येक व्हिडिओत सांगते आणि पुढेही सांगणार आहे.

"पण जवारी लागली हे ओळखायचं कसं?" खर्ज छेडा आणि लगेच पुढची तार छेडू नका, थांबा. नीट लागलेल्या खर्जातून वर एक गंधार निघतो. गंधाराची तार या वाद्यावर नाहीच, तरी तो येतो. त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. तो ऐकू येत नसेल तर खुंटी पिळत बसू नका, दोरा हलवा. माझ्याकडे शिकायला येणारी एक मुलगी "माझा तानपुरा खराब आहे" म्हणून रडवेली होऊन आली होती. बघते तर चारही तारांखाली शिवणकामाचा जाड दोरा! दुकानातून तसाच आला होता. तिथे बारीक सुती धागा घातला, जागा शोधून दिली, आणि त्याच तानपुऱ्यातला गंधार तिनं पहिल्यांदा ऐकला. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

असं का होतं, हेही बघून घ्या. तार बरोबर मध्यावर छेडली तर ज्या स्वरांशांचा, म्हणजे तारेच्या आवाजात मिसळलेल्या वरच्या सुरांचा, स्थिर बिंदू मध्यावर येतो ते उमटायला नकोत, असा नियम आहे. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये दाखवलं की आपल्या तंबोऱ्यावर आणि वीणेवर ते उमटतात, कारण रुंद, गोलसर घोडीवर कंपणारी तार सतत टेकते आणि सुटते. दोरा हे टेकणं-सुटणं कुठे व्हावं ते ठरवतो. म्हणून केसभर फरकानं सगळं बदलतं.

आता माझा राग कशावर आहे ते सांगते. काही जण आवाज उघडत नाही म्हणून घोडीवर पॉलिश पेपर मारतात. कृपा करा, असं करू नका! घोडी घासणं हे कारागिराचं काम आहे, वर्षानुवर्षांच्या सरावाचं. एकदा खोलगट झालेला उतार परत भरता येत नाही. आधी दोरा, मग घोडीच्या खाली तारेत ओवलेला मणी, आणि त्यानंतरही आवाज मिटलेलाच असेल तर जाणकाराकडे जा.

क्रम लिहून घ्या. दोरा पुढे काढून ठेवा. खुंटीनं सूर लावा. दोरा आत घेऊन जागा शोधा. मग मण्यानं बारीक फरक काढा: मणी घोडीपासून लांब, खाली सरकवला की तार ताणते आणि सूर चढतो. मण्यानंतर पुन्हा एकदा दोरा तपासा. हे शेवटचं पाऊल सगळे गाळतात, आणि मग मला कॉमेंट येते.

"तानपुऱ्याऐवजी तानपुऱ्याचं अ‍ॅपच लावलं तर?" लावा की. प्रवासात, पहाटेच्या रियाजाला मीही लावते. पण स्वतः तानपुरा लावण्यात जी पंधरा मिनिटं जातात, त्यात कान गाण्यासाठी तयार होतो. ती मिनिटं वाचवू नका.

आणि ज्यांनी "तानपुरा काळी चार पट्टीवरून पांढरी पाचला नेला तर दोरा तोच चालेल का" असं विचारलंय, त्यांना: धागा तोच चालेल, जागा नाही. ताण बदलला की जागा बदलते. चारही तारांखाली नव्यानं शोधायची, खर्जापासून सुरुवात करा.