पहिला हप्ता पंधराशे पन्नास

नमस्कार श्रोतेहो.

तालुक्याच्या गावात मी एक अभ्यासिका चालवतो. चाळीस खुर्च्या, चार पंखे आणि भिंतीवर भरतीच्या जाहिरातींची कात्रणं. पोलीस, तलाठी, रेल्वे, बँक. पहाटे पाचला कुलूप निघतं, रात्री अकराला लागतं. बसणारी बहुतेक मुलं शेतकऱ्यांची. त्यांच्यातल्याच एकाची हकिगत आज सांगतो. त्याला विचारूनच सांगतोय, नाव तेवढं घेत नाही.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. संध्याकाळी तो माझ्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, "सर, सत्तावीस हजार कमी पडतायत. पहिल्या पगाराला परत करतो." मोबाइल पुढे केला. विमानतळावर ग्राउंड स्टाफची नोकरी, पगार २८,५०० रुपये, नेमणूक पुण्याला. पत्रावर एका मोठ्या कंपनीचं बोधचिन्ह, खाली गोल शिक्का आणि सही.

मी विचारलं, मुलाखत कुठे झाली? म्हणाला, फोनवर. उंची किती, इंग्रजी येतं का, लगेच हजर होणार का, एवढंच. पाच मिनिटांत निवड!

मग पैशांचं विचारलं. आधी रजिस्ट्रेशनचे १,५५० रुपये. चार दिवसांनी युनिफॉर्म आणि मेडिकलचे ६,८००. माझ्याकडे आला त्याच दिवशी दुपारी गेट पाससाठी १४,५००. मिळून २२,८५० रुपये गेले होते, सोयाबीनच्या पट्टीतून आलेले. आता सिक्युरिटी डिपॉझिटचे २७,००० हवे होते, दुसऱ्या दिवशी पाचच्या आत. सगळे रिफंडेबल, पहिल्या पगाराबरोबर परत. पैसे ज्या खात्यात गेले ते कंपनीचं नव्हतंच. कुणा एका माणसाचं साधं बचत खातं होतं.

पत्र मोठं करून पाहिलं. तीन पानांवर शिक्का अगदी एकाच जागी, एकाच कोनात आणि शाईसुद्धा सारखीच निळी. हातानं मारलेला शिक्का कुठेतरी फिका उमटतो, कुठेतरी तिरका पडतो. पण श्रोतेहो, अशा चुका शोधत बसू नका. आता पत्रं इतकी सफाईदार येतात की बँकेतला माणूसही चकेल. पत्र हुबेहूब असलं तरी एक गोष्ट फसवणाऱ्यांना लपवता येत नाही : त्यांना तुमच्याकडून पैसे हवे असतात. नोकरीत पैसा मालकाकडून कामगाराकडे येतो. तो उलटा वाहायला लागला की तिथेच थांबायचं. नाव रजिस्ट्रेशन असो, लॅपटॉपचं डिपॉझिट असो, पोलीस व्हेरिफिकेशन असो की ट्रेनिंग किट.

इथे मुलं मला हमखास विचारतात, "सर, सरकारी परीक्षेला फी असतेच की." असते. स्टाफ सिलेक्शन कमिशनची १०० रुपये असते. रेल्वे भरती मंडळ सर्वसाधारण उमेदवाराकडून ५०० घेतं आणि पहिल्या संगणकीय परीक्षेला बसलात की त्यातले ४०० परत देतं. पण ही फी परीक्षेला बसण्याची. ती मंडळाच्याच संकेतस्थळावर, अर्ज करताना भरायची. निवड झाल्यावर नेमणूकपत्रासाठी कुठलंही सरकारी खातं पैसे मागत नाही. जो मागतो, तो सरकारचा माणूस नव्हे.

शिकलेली माणसंसुद्धा इतकी कशी फसतात, असं लोक म्हणतात. मला हे बोलणं आवडत नाही. २०२२ साली तामिळनाडूतल्या किमान २८ तरुणांना दिल्लीत नेलं. तिकीट तपासनीस, कारकून अशा रेल्वेतल्या जागा सांगितल्या होत्या. 'ट्रेनिंग' म्हणून त्यांना नवी दिल्ली स्टेशनवर उभं केलं आणि काम दिलं : येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजायचे. रोज आठ तास, जवळपास महिनाभर ही पोरं फलाटावर उभी राहून डबे मोजत होती. मिळून अडीच कोटींहून जास्त रुपये त्यांच्याकडून उकळले होते. ज्या निवृत्त सैनिकामार्फत ती गेली, त्यांनीच पोलिसांत तक्रार केली. आपल्यालाही फसवलं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या मुलांना मूर्ख म्हणवत नाही मला. सांगितलेलं काम मनापासून करण्याची त्यांची सवय होती, आणि फसवणाऱ्यानं नेमका तिचाच फायदा घेतला. मधला माणूसही नेहमी चोर असतो असं नाही. कधी तो ओळखीचा, आदराचा, स्वतःच फसलेला असतो. म्हणून "आपल्या मामांनी सांगितलंय" एवढ्यावर पैसे देऊ नका. मामांचा मान ठेवा आणि कंपनीचा नंबर तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः काढून चौकशी करा. पत्रावर छापलेल्या नंबरावर फोन केलात, तर तो त्याच टोळीतला माणूस उचलेल.

पहिला हप्ता पंधराशे पन्नासच का? कारण तेवढे कुणीही देतो. घरी विचारावंसुद्धा लागत नाही. ते देऊन झाले की पुढचा हप्ता नोकरीसाठी जात नाही, आधीचे बुडू नयेत म्हणून जातो. आमच्या मुलाला चौदा हजार भरतानाच शंका आली होती. पण आता थांबलो तर आठ हजार गेले, असं त्याला वाटलं. म्हणून सांगतो, कुठल्याही हप्त्यावर शंका आली तरी तिथेच थांबा. गेलेले पैसे आणखी पैसे देऊन परत येत नाहीत.

परदेशातल्या नोकरीचं थोडं वेगळं आहे. आपल्या कोकणातून आखातात जाणारे खूप. नोंदणीकृत एजंट कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो, तेही पावती देऊन. त्याची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. आणि कुणी "आधी टुरिस्ट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बदलू" म्हणालं, तर जाऊ नका. थायलंडमध्ये संगणकावरचं काम म्हणून निघालेल्या कितीतरी भारतीय मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन डांबलं आणि लोकांना ऑनलाइन फसवण्याच्या कामाला जुंपलं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमानं पाठवून दोन दिवसांत ५४९ जणांना परत आणावं लागलं.

आता माझ्याकडून काय चुकलं ते सांगतो. त्या संध्याकाळी मी त्याच्यावर ओरडलो. "एवढं शिकून हे?" असं म्हणालो, आणि उद्या सकाळी बघू म्हणून त्याला घरी पाठवलं. सकाळी १९३० या तक्रारीच्या क्रमांकावर फोन लावला, तेव्हा दुपारचे साडेचौदा हजार त्या खात्यातून पुढे निघून गेलेले होते. रात्रीच लावला असता, तर कदाचित काही अडकले असते. ती रात्र मी घालवली, त्यानं नाही.

१९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवलं जातं, आणि ते अजून तिथे असतील तर गोठवले जातात. चोर मात्र एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकवत एटीएमवर काढून मोकळे होतात. त्यामुळे इथे मिनिटं मोजायची असतात. फोन करताना आपलं खातं, रक्कम, वेळ आणि यूपीआयच्या पावतीवरचा बारा अंकी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार करता येते. चॅट पुसू नका, रागानं नंबर ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. आधार, पॅन पाठवले असतील तर तेही तक्रारीत लिहा. 'पगार खातं' म्हणून आपलं पासबुक, एटीएम कार्ड किंवा सिम कुणाला दिलं असेल, तर आजच बँकेत जा. दुसऱ्यांचे लुटलेले पैसे त्याच खात्यातून फिरवले जातात आणि पोलीस तुमच्या दारात येतात. नंतर कुणी "तुमचे पैसे सोडवून देतो, थोडी फी भरा" म्हणत आला, तर तो त्याच चोरांचा भाऊ समजा.

आणि आई-वडिलांनो, मोठ्या भावांनो, हात जोडून सांगतो. मूल सांगायला आलं, तर आधी फोन लावा. बोलायचं असेल ते नंतर बोला. आमच्या या मुलानं वडिलांना अकरा दिवस सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा वडील इतकंच म्हणाले, "मला पहिल्या दिवशी का नाही बोललास रे?" आणि उठून गोठ्यात गेले.

हे बोलणं ऐकणाऱ्यांपैकी कुणी आज सकाळी, आज दुपारी असे पैसे भरले असतील. कार्यक्रम संपायची वाट पाहू नका. रेडिओ चालू असू दे, फोन उचला. एक, नऊ, तीन, शून्य.

नमस्कार.