नायिका नूतन आणि लेखक दगडू

मंडळी, चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटात (२०१४) खटला आहे लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर. त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं गटारात उतरून जीव दिला, असा आरोप. पण कॅमेरा कोर्टाबाहेर पडला की शाहिरापेक्षा वकिलांच्याच मागे जास्त फिरतो. बचावाचे वकील विनय व्होरा सुपरमार्केटात चीज आणि वाइन घेतात, गाडीत जॅझ लावतात. सरकारी वकील नूतन लोकलनं घरी येते, स्वयंपाकाला लागते, सगळ्यांना वाढते. सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब नाटकाला. तिथे परप्रांतीय मुलाची टर उडते आणि सगळं थिएटर खिदळतं.

दुसऱ्या कुठल्याही मराठी कथेत ही नूतन नायिका झाली असती. नोकरी, लोकलची दगदग, घर, मुलं. तिच्यासाठी आपण हळहळलो असतो. इथे तीच बाई कायद्याची कलमं एका सुरात वाचून दाखवते आणि एका म्हाताऱ्याला आत ठेवा म्हणते. दुष्ट नाही हो ती! तिला घाई आहे. मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते, नवरा गटारात उतरण्याआधी काय करायचा ते सांगते. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, असा त्याचा हिशोब. नूतनसाठी तो पुराव्यातला एक मुद्दा. व्होरा भले गृहस्थ, पण त्यांच्या गाडीत बसलेल्या त्या कामगाराच्या बायकोचं आणि त्यांचं बोलणंही पुढे सरकत नाही.

मराठी कथा फार काळ नूतनच्याच स्वयंपाकघरात बसून लिहिली गेली. तिथला माणूस म्हणजे नुसता माणूस. झोपडीतला आला की मात्र त्याचा वर्ग दिसायला लागायचा. जयवंत दळवींची 'चक्र' ही कादंबरी १९६३ची. पांढरपेशा लेखक मुंबईच्या झोपडपट्टीत शिरला, आणि त्या काळात ते धाडसच होतं. पुढे १९८१ला चित्रपट आला. त्यात स्मिता पाटीलची उघड्यावरची आंघोळ हा त्या वस्तीतल्या जगण्याचा तपशील होता. जाहिरातीच्या फलकावर गेल्यावर त्याच आंघोळीचा विकायचा माल झाला. बघणारा कोण आणि दाखवला जाणारा कोण, हे त्या फलकाइतकं स्वच्छ मला कुठल्या समीक्षेत दिसलेलं नाही.

'चक्र' कादंबरीच्याच वर्षी, १९६३ला, बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. शीर्षककथेतला तरुण शिकलेला, रेल्वेत नोकरीला लागलेला. पगार आहे, पण खोली मिळावी म्हणून जात लपवावी लागते. जात उघडी पडते तेव्हा मार बसतो. नोकरीनं वर्ग बदलला म्हणावं, तर घरमालकापुढे तो बदल टिकत नाही. आपल्याकडे वर्गावर बोलताना जातीला बगल देणाऱ्यांनी ही एक कथा तरी वाचावी. लांब नाहीये.

आणि मग १९७८चं 'बलुतं', दया पवारांचं आत्मकथन. पवारांनी त्यात एक विलक्षण युक्ती केली. गोष्ट सांगतो दगडू मारुती पवार, आणि ती ऐकतो दया पवार. दोघं एकच. एक महारवाड्यातून, मुंबईच्या कावाखाना या वस्तीतून आलेला. दुसरा शिकून कारकुनी करणारा, कवितेच्या वर्तुळात ऊठबस असलेला, शब्द तोलून बोलणारा. या दुसऱ्याला पहिल्याची लाज वाटते आणि त्या लाजेचीही लाज वाटते. दगडू त्याला सोडत नाही. साधं 'मी'नं सुरू होणारं आत्मचरित्र लिहिलं असतं, तर ही ओढाताण वर्णनात सांगावी लागली असती. इथे ती मांडणीतच आहे.

मराठी मध्यमवर्गानं 'बलुतं' डोक्यावर घेतलं. 'काय सोसलंय हो यांनी!' म्हणत वाचलं. त्यात शिवाशिव पाळणारी माणसंही आहेत. पण 'ते माझे आजोबा होते' असं म्हणत त्या घरांतून कुणी तितक्याच उघडपणे लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही.