वाळवीच्या घरातील भुंगेरे: रूप एक, घराणी अनेक

वरून पाहता वाळवीसारखे जे दिसते, ते एका भुंगेऱ्याचे पोट असते. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत सापडलेल्या या जातीचे, ऑस्ट्रोस्पिराख्था कॅरिजोईचे, वर्णन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिचे फुगलेले पोट उलटे वळून पाठीवरून थेट डोक्यावर येते, आणि पाय व शृंगिका (डोक्यावरील मिशा) भासाव्यात अशा उपांगांच्या तीन जोड्या त्याला फुटलेल्या असतात. खरा भुंगेरा या बाहुल्याखाली जवळजवळ झाकला जातो.

अशा प्राण्याला वर्गीकरणात नेमके कोठे बसवायचे? जेझुइट धर्मगुरू आणि कीटकशास्त्रज्ञ एरिख वास्मान (१८५९–१९३१) यांनी मुंग्यांच्या आणि वाळवीच्या घरांतील पाहुण्यांची विभागणी यजमान त्यांना कसे वागवतात यावरून केली: काहींवर हल्ला होतो, काहींकडे दुर्लक्ष होते, काहींचे लाड होतात, तर काही निव्वळ परजीवी असतात. ही विभागणी आजही उपयोगी पडते, मात्र तिच्यातून कळते ती पाहुण्यांची वागणूक. कोण कोणाच्या रक्ताचा, हे तिच्यातून कळत नाही.

शरीराच्या ठेवणीवर विसंबावे, तर तीही दगा देते. वाळवीसोबत राहणारे बहुसंख्य भुंगेरे रोव्ह बीटल या आखूड पंखकवचांच्या भुंगेऱ्यांच्या कुलातील, त्यातही अॅलिओकॅरिनी या उपकुलातील आहेत, आणि त्यांच्यात दोन ठेवणी पुन्हा पुन्हा दिसतात. एक अश्रूच्या थेंबासारखी, रुंद ढालीखाली डोके व पाय दडवणारी, जिच्यावर वाळवीच्या जबड्यांची पकड बसत नाही. दुसरी फुगीर पोटाची. या दुसऱ्या प्रकारात कोशातून बाहेर पडलेल्या भुंगेऱ्याचे पोट सडपातळच असते. पुढे वारुळात राहताना पोटावरील कठीण पट्ट्यांमधला मऊ पडदा वाढत आणि ताणत जातो, इतका, की मूळच्या पट्ट्या पांढऱ्या फुग्यावरील सुट्या तपकिरी ठिपक्यांसारख्या उरतात. प्रौढ कीटक सहसा वाढत नाहीत, त्यामुळे एकाच जातीचे नवे आणि जुने भुंगेरे शेजारी ठेवले, तर अनोळखी माणूस त्यांना दोन जाती समजेल.

वेगवेगळ्या घराण्यांनी या दोन्ही ठेवणी स्वतंत्रपणे घडवलेल्या असल्यामुळे वर्गीकरण करणाऱ्याला पोट आणि ढाल बाजूला ठेवून, वारुळातील जगण्याचा ज्यांच्यावर कमी परिणाम होतो अशा अवयवांकडे वळावे लागते. मुखांगांची बारीक रचना, पुढच्या, मधल्या आणि मागच्या पावलांतील खंडांची संख्या, मादीच्या शुक्रकोशाचा (नराचे शुक्राणू साठवणाऱ्या पिशवीचा) आकार, नराची जननेंद्रिये अशा खुणा सूक्ष्मदर्शकाखाली विच्छेदन करूनच पाहता येतात. काम किचकट आहे, पण कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स सीव्हर्स यांच्या १९५७ च्या विस्तृत ग्रंथापासून या गटाची मांडणी प्रामुख्याने अशाच तपशिलांवर उभी राहिली आहे. आता तिला डीएनएच्या पुराव्याची जोड मिळते.

वाळवीच्या घरात राहणे हे केवळ रोव्ह बीटलच्या कुलाचे वैशिष्ट्य नाही. शेणकिड्यांच्या कुलातील टर्मिटोट्रॉक्स क्युपिडो ही जेमतेम सव्वा मिलिमीटरची जाती कंबोडियात वाळवीच्या कवकबागेत (वाळवी वारुळात बुरशी वाढवते त्या जागी) सापडली आणि २०१२ मध्ये तिचे वर्णन झाले. तिच्या पाठीवर चिमुकल्या पंखांसारखे केसाळ उंचवटे आहेत, म्हणून तिला क्युपिड या पंखधारी रोमन प्रेमदेवतेचे नाव मिळाले. भूभुंगेऱ्यांच्या ऑर्थोगोनियस या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) तर फुगीर पोटाच्या अळ्या वारुळात वाढतात.

हे नाते किती जुने आहे, याचा अंदाज म्यानमारच्या अंबरमधून, म्हणजे झाडांच्या जीवाश्म झालेल्या राळेतून, येतो. त्यातील सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या क्रेटोट्रायकॉप्सेनियस बर्मिटिकस या जीवाश्माचे शरीर थेंबाच्या ठेवणीचे आहे, आणि त्याचे आजचे नातलग वाळवीसोबतच राहतात.

यजमान कोण, ही नोंदही वर्गीकरणात मोलाची असते, कारण यातील अनेक भुंगेरे एखाद्याच जातीच्या किंवा प्रजातीच्या वाळवीकडे आढळतात. कामकरी वाळवीवरून जात ओळखणे अवघड असते. सैनिकाचे डोके आणि जबडे तुलनेने लवकर ओळख पटवतात. म्हणून जाणकार संग्राहक भुंगेऱ्याबरोबर त्याच वारुळातील काही सैनिकही अल्कोहोलच्या त्याच कुपीत ठेवतो.